पळसाच्या पानाखालची भाकर

माझ्या हातची भाकर पातळ होते. ही बढाई आहे, आणि ती मी आधीच मारून घेते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मला मिरवायला दुसरं काही नाही. आमच्या नगरकडे भाकर काठवटीत थापतात, कडेपर्यंत सारखी, आणि तव्यावर उलटली की ती टम्म फुगली पाहिजे. लग्न होऊन मी सातपुड्याच्या पायथ्याशी आले तेव्हा माझ्या पेटीत चार लुगडी होती, एक गीतांची वही होती, आणि हातात ही कला होती. रागही होता, पण तो पेटीत मावण्यासारखा नव्हता.

नंदुरबारला आगगाडीतून उतरायचं, बैलगाडीनं तापीपर्यंत जायचं, नावेनं नदी ओलांडायची आणि पुन्हा गाडी धरायची. तळोद्याच्या पुढं दोन कोसांवर आमचं गाव होतं. माझे यजमान तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी तेच उपदेशक. मंडळी म्हणजे तीस-बत्तीस माणसं. बहुतेक भिल्ल, दोन घरं महारांची, आणि आम्ही दोघं. माझे आजोबा पाटलाच्या घरातले. ते ख्रिस्ती झाले तेव्हा भावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यामुळे जातपात आमच्या घरातून दोन पिढ्यांपूर्वीच गेली, असं मी कोणालाही ठणकावून सांगत असे. आमच्या आजीनं मात्र मरेपर्यंत आपण कुठले ते आम्हाला विसरू दिलं नव्हतं.

रविवारची उपासना संपली की मोहाच्या झाडाखाली सगळ्यांचं जेवण असे. ते चालवायची एक म्हातारी भिल्लीण. तिला सगळे याहा म्हणत. त्यांच्या बोलीत याहा म्हणजे आई. गावात सगळ्यांत आधी बाप्तिस्मा तिनं घेतला होता आणि हे जेवणही तिनंच सुरू केलं होतं. रीत अशी की येताना प्रत्येक घरानं आपल्या भाकरी आणायच्या. याहा त्या सगळ्या मोडायची, एका मोठ्या टोपलीत मिसळायची आणि वर पळसाची पानं झाकायची. मग ती टोपली घेऊन ती एकेकापुढं उभी राहायची. आपण पानांखाली हात घालायचा, न बघता, आणि जो तुकडा हाती येईल तो घ्यायचा. सोबत तिनं शिजवलेली उडदाची डाळ किंवा अंबाडीची भाजी. याहा स्वतः सगळ्यांच्या शेवटी बसायची.

असं का, ते मला यजमानांनी सांगितलं. त्या मुलखात उन्हाळा सरता सरता कोणाच्या घरी ज्वारी उरलेली असे, कोणाकडे नुसता मका, आणि कोणाकडे डोंगरातल्या कसल्याशा बारीक धान्याची काळपट भाकर. ज्याची काळपट असेल तो माणूस जेवणाच्या वेळी लांब, पाठ करून बसायचा. हे याहानं पाहिलं. तिनं कोणाला उपदेश केला नाही, टोपली आणली. तेव्हापासून कोणी पाठ करून बसलं नाही. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा फार वाखाणली. नगरला आईला पत्रातही लिहिली.

आणि पहिल्याच रविवारी मी पानांखाली हात घातला, बोटांना कोणाची तरी जाड, ओलसर भाकर लागली, आणि मी हात तसाच मागं घेतला.

भिल्लिणी भाकर दोन तळहातांत थापतात, ती जाडच होते. मला जाड भाकर बाधते, असं मी यजमानांना सांगितलं. पुढच्या रविवारपासून मात्र माझं नशीब उघडलं. पानाखाली हात घालावा तर वरच माझी पातळ भाकर. बोटांना ती बरोबर ओळखू यायची. मी चटकन उचलायची, चेहरा असा ठेवायची की जे आलं ते घेतलं. दोन वर्षं हे चाललं. सगळी मंडळी एकमेकांच्या हातचं खात होती, माझ्याही हातचं खात होती, आणि मी माझ्याच हातचं. कोणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटायचं. महिन्याकाठी मिशनचे साहेब घोड्यावरून प्रभुभोजन द्यायला येत, तेव्हा त्या एका पेल्याला मी सगळ्यांसारखेच ओठ लावी. तिथं मला काही वाटत नसे. पेला साहेबांच्या हातात असे ना.

यजमान बाजारच्या दिवशी तळोद्याला जाऊन चौकात गाणी म्हणत, दोन शब्द बोलत. तिथं एक बाई दर बाजारी येऊन लांब उभी राहते, असं त्यांनी एकदा घरी सांगितलं. मेहतर समाजातली विधवा, गावातले पायखाने साफ करणारी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. सासरी दीर-जावांत राहत होती. पुढं ती दोन कोस चालत आमच्या उपासनेलाही येऊ लागली. कुंपणाशी बसायची. जेवणाच्या वेळी याहा टोपली तिच्यापुढंही धरायची आणि ती आमच्या भाकरी खायची, त्याला कोणाची हरकत नव्हती. पाहुण्यानं फक्त खायचं असतं. जो आपला झाला त्यानं आणायचं असतं.

तीन रविवार झाल्यावर ती आमच्या दाराशी आली. मी आत पीठ चाळत होते, ते दोघं अंगणात. बाप्तिस्म्याबद्दल बोलायला आली आहे हे मला ठाऊक होतं. यजमान तिला विश्वासाचं काहीबाही समजावत होते. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं मी मानस. पन मन्ही भाकर कोनी खाई का?"

यजमान म्हणाले, खातील की. तिनं पुन्हा विचारलं, "मास्तरीनबाई खाई का?"

"ती सगळ्यांच्या आधी खाईल," यजमान म्हणाले.

आतल्या आत माझा भडका उडाला. मला न विचारता, माझ्या तोंडचा घास हे कबूल करून मोकळे! बाहेर ती सांगत होती की येत्या रविवारी ती भाकर आणेल. खाल्ली तर ती आमची. नाही खाल्ली तर पुन्हा या वाटेला येणार नाही, दिराघरी जसं चाललं आहे तसं चालेल. हे तिनं धमकी म्हणून सांगितलं नाही. उन्हात कपडे वाळतील की नाही हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. ती गेल्यावर मी यजमानांशी दोन दिवस बोलले नाही.

बातमी गावभर झाली. महारांच्या घरचा कर्ता माणूस येऊन म्हणाला, मास्तर, आम्ही खूप सोसून इथवर आलो, हे एक नका करू. भिल्लांतही कुजबुज सुरू झाली. बाकी सगळे चालतील, पण ती बाई नको. यजमान प्रत्येकाशी शांतपणे बोलत राहिले. त्यांचा शांतपणा हा त्या दिवसांत मला त्यांचा सर्वांत मोठा दुर्गुण वाटायचा.

त्या रविवारी यजमानांनी ती दोन शिष्यांची गोष्ट घेतली. येशू मरून गेला असं समजून दोघं जण गावाकडे चालले होते, वाटेत एक अनोळखी सोबती मिळाला, तो सगळी वाट त्यांच्याशी बोलत गेला, आणि तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. घरी जेवायला बसल्यावर त्यानं भाकर मोडून त्यांच्या हातात दिली, तेव्हा कुठं ओळख पटली. यजमान म्हणाले की एवढा वेळ तो शास्त्र उलगडून सांगत होता त्यानं ओळख पटली नाही, भाकर मोडणाऱ्या हातानं पटली. गोष्ट मला पाठ होती. मी मनात दुसराच हिशेब मांडत होते, की पानाखाली माझा तुकडा नेहमीसारखा वरच मिळाला तर बरं. मग मास्तरांचा शब्दही राहील आणि माझंही जमेल.

ती बाई आली. फडक्यात बांधून दोन भाकरी आणल्या होत्या. धुवून धुवून फडक्याचा रंग उडाला होता. भाकरी एका बाजूनं करपलेल्या होत्या, त्यामुळे कोणालाही ओळखू याव्यात अशा. याहानं त्या तिच्या हातून घेतल्या, सगळ्यांदेखत मोडल्या, इतरांच्या तुकड्यांत मिसळल्या आणि पानं झाकली. मग टोपली घेऊन पहिल्या माणसापुढं उभी राहिली.

त्यानं सांगितलं, भूक नाही. दुसऱ्यालाही नव्हती. तिसऱ्याचं पोट दुखत होतं. एका माणसाला तर त्या दिवशी उपासच होता, आणि त्या माणसानं जन्मात उपास केला नव्हता. याहा प्रत्येकापुढं टोपली तेवढाच वेळ धरत होती, जितका वेळ नेहमी धरायची. कोणाला आग्रह नाही, कोणाकडे रागानं बघणं नाही. मला तिच्या जागी उभं केलं असतं तर मी टोपली त्यांच्या डोक्यात घातली असती. यजमानांनी हात घातला, त्यांच्या हाती करपलेलाच तुकडा आला. तो त्यांनी डाळीत बुडवून सावकाश खाल्ला. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी काहीतरी घेतलं. मग टोपली माझ्यापुढं आली.

ती बाई माझ्याकडे बघत होती. मी पानाखाली हात घातला. माझा तुकडा वरच होता. मी तो उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा खाल्ला. मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला आज लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. आपण काम फत्ते केलं असं वाटलं.

टोपली फिरून परत गेली. याहानं पानं काढली तेव्हा एक तुकडा सोडून करपलेले सगळे तुकडे तसेच होते. याहा त्या बाईजवळ बसली आणि त्यातला एक घेऊन जेवू लागली. बाई तिला म्हणाली, "तू ते कोनाबी हातनी खाशी, याहा." तिचा आवाज साधाच होता, त्यात कडूपणा नव्हता. उरलेले तुकडे तिनं आपल्या फडक्यात बांधले, यजमानांना लांबून हात जोडले आणि तळोद्याच्या वाटेला लागली. तिच्या दृष्टीनं प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

मी डाळीचं भांडं घासायला घेतलं. याहा शेजारी येऊन बसली आणि राख देऊ लागली. मी आपलं सुरू केलं. ही माणसं अशीच, यांच्यासाठी किती करा, मी तर सगळ्यांसमोर खाल्ली, आता कोणी खाईना त्याला मी काय करू. याहानं माझं सगळं बोलणं होऊ दिलं. तिची बोली मला धड येत नव्हती, म्हणून माझ्याशी ती बाजारातली अहिराणी बोलायची.

"तू तुन्हीच खादी," ती म्हणाली.

मी म्हटलं, न बघताच तर घ्यायची असते, मला काय ठाऊक कोणाची होती ते.

ती मान हलवत राहिली, आणि मग तिनं सांगितलं. "पहिला आइतवारले तू टोपलीमा हात टाका नि तसाच काढी लिधा. त्या दिन तू उपाशी गयी. माले वाईट वाटनं. मंग मीच तुन्ही पातय भाकर वर ठेवाले लागनी."

माझ्या हातातली राख तशीच राहिली. दोन वर्षं! प्रत्येक रविवारी माझ्यापुढं येण्याआधी ही म्हातारी पानाखाली हात घालून माझा तुकडा वर आणून ठेवत होती. मी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे. सगळ्यांना, ती म्हणाली. पोरांनासुद्धा. कोणी कधी माझ्यावर हसलं नव्हतं, कोणी माझी भाकर खायची सोडली नव्हती. ज्यांच्या हातचं मला चालत नव्हतं त्यांनी मला दोन वर्षं सांभाळून घेतलं होतं, आणि त्याच माणसांना मी आत्ता नावं ठेवत होते. शरमेनं मी काळीठिक्कर पडले असेन. मी कशीबशी तिला म्हटलं, मग तू मला बोलली का नाहीस.

"माले वाटे, एक ना एक दिन तुन्हा हात खाले जाई," याहा म्हणाली. एक दिवस माझा हात आपणहून खालच्या तुकड्यांपर्यंत जाईल, याची ती वाट बघत होती.

लहानपणापासून मी प्रभूच्या हाताची चित्रं पाहिली होती, त्या हाताची गाणी म्हटली होती. तो हात मी त्या दुपारी पहिल्यांदा ओळखला. तो सुरकुतलेला होता, त्याच्या नखांत राख होती, आणि शंभराहून अधिक रविवार तो माझ्यापुढं टोपली धरून उभा राहिला होता. माझा हट्ट त्याला कळत होता आणि तरी त्यानं मला उपाशी जाऊ दिलं नव्हतं. मी रडले. याहानं भांडं माझ्याकडून ओढून घेतलं आणि स्वतः घासायला लागली. आजवर मी पुष्कळ विद्वान उपदेशक ऐकले, त्यांच्यापैकी कोणीही मला इतकं थोडक्यात हरवलेलं नाही.

मग मी उठले आणि तळोद्याच्या वाटेनं निघाले. निघाले कसली, धावले. दुपारचं ऊन टळटळीत, पायात काही नाही. यजमानांनी विचारलं कुठं, त्यांना उत्तर दिलं नाही. ओढ्यापलीकडे ती दिसली. हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं की मला तिचं नाव ठाऊक नाही. चार रविवार ती आमच्यात बसली होती आणि मी नाव विचारलं नव्हतं. मी नुसतंच ओरडले, "अहो, थांबा."

ती थांबली. मागं वळून पाहिलं आणि आपोआप वाटेच्या कडेला सरली, मला जायला वाट दिली. तिला वाटलं मला पुढं कुठंतरी जायचं आहे. मी तिच्याजवळ जाऊन लिंबाच्या सावलीत बसले आणि म्हटलं, बसा, मला भूक लागली आहे, भाकर द्या.

ती बसली नाही. "तुमले कोनी धाडं?" तिनं विचारलं. मास्तरांनी का?

मी म्हटलं, कोणी नाही. मघाशी मी खाल्ली ती माझीच होती. मी लबाडी केली.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी लबाडी केली हे तिला आधीच कळलं होतं की नाही, हे मी पुढं कधी विचारलं नाही. माझा अंदाज, कळलं होतं. ती जरा अंतर ठेवून बसली आणि तिनं फडक्याची गाठ सोडली. सहा तुकडे होते. त्यांतला बरा होता तो तिनं निवडला, त्याची करपलेली कड मोडून स्वतःकडे ठेवली आणि उरलेला माझ्यापुढं फडक्यावर ठेवला. माझ्या हातात द्यायचं तिला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. मी हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ धरावा लागला. मग तिनं तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला.

खरं सांगायचं तर पहिला घास घशात अडकला. आजी तिथं माझ्या गळ्यात बसली होती. मी पुन्हा चावला आणि गिळला. दुसरा घास बरा गेला. तिसऱ्याला ज्वारीची गोडी लागली. सोबत डाळ नव्हती, मीठही नव्हतं. ती स्वतः काही खात नव्हती. माझा तुकडा संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

संपल्यावर तिनं विचारलं, "कशी लागनी?"

आपण रोज कोणाकोणाला वाढतो आणि हे विचारतो. चाळीस वर्षांची ती बाई, रोज चूल पेटवणारी, आणि घराबाहेरच्या माणसाला हा प्रश्न ती आयुष्यात पहिल्यांदा विचारत होती. फार चांगली, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ते खोटं झालं असतं, आणि तिच्याशी एका दिवसात एक खोटं पुरे होतं. मी शेजारणीला सांगते तसंच सांगितलं, की पीठ छान आहे, पण एका बाजूनं करपली आहे, तवा इतका तापू देत जाऊ नका.

तिनं हातातल्या काळ्या कडेकडे पाहिलं. मग तिनं ती कड तोंडात टाकली, चावली, आणि मान डोलावली.

"येता आइतवारले करपू देवाव नही," ती म्हणाली.